पंडिता रमाबाई : शब्द देणारा देव, शब्द पाळणारी बाई

दुष्काळ म्हणजे काय, हे आपल्या मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते दिवस आपण विसरलेलो नाही. पण त्या दुष्काळातसुद्धा टँकर होता, रेशन होतं, चारा छावण्या होत्या. माणूस अन्नावाचून रस्त्यावर मरून पडत नव्हता. दीडशे वर्षांपूर्वी तो पडत असे. मद्रास इलाख्यातल्या तशाच एका दुष्काळात एका विद्वान शास्त्रीबुवांचं घर उद्ध्वस्त झालं. आधी वडील गेले, मग आई, काही काळाने मोठी बहीण. मागे राहिले एक भाऊ आणि एक बहीण. ती बहीण म्हणजे पंडिता रमाबाई.

मैत्रिणींनो, रमाबाईंचं नाव आपण शाळेत दोन ओळींत शिकतो. स्त्रीशिक्षणासाठी झटल्या, शारदा सदन काढलं, केडगावला मुक्ती मिशन उभारलं, संपलं! जुन्या माणसांच्या तोंडी आणखी एक तिसरी ओळ असते, ती जरा आवाज खाली करून सांगितली जाते, की बाई हुशार होती पण बाटली. बाटली म्हणून सोडून द्यायचं की थोर होती म्हणून तो भाग झाकून ठेवायचा, एवढे दोनच पर्याय आपल्याकडे असतात. पण या बाईचा देवावर विश्वास नेमका कसा होता, तो तिला कशाच्या जोरावर पुरला, हे कुणी सांगत नाही. मी ख्रिस्ती नाही. तरी गेली काही वर्षं एकट्या पडलेल्या बायकांमध्ये काम करताना मला हा प्रश्न सारखा पडत आलाय, म्हणून आज त्याच भागाबद्दल लिहिते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. तरुणपणी पुण्यात शिकत असताना त्यांचे गुरू पेशव्यांच्या घरातल्या बाईंना संस्कृत शिकवायला जात. बाईमाणूस श्लोक म्हणते हे अनंतशास्त्रींनी ऐकलं आणि आपल्याही बायकोला शिकवायचं त्यांच्या मनानं घेतलं. पहिल्या पत्नीला शिकण्याची गोडी नव्हती. ती वारल्यावर यात्रेला निघालेले असताना गोदावरीच्या काठी, म्हणजे आपल्या नांदेडला जी गंगा म्हणतात तिच्याच काठी, त्यांना एक गृहस्थ भेटले. दुसऱ्याच दिवशी त्या गृहस्थांनी आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना देऊन टाकली. नवरदेवाचं वय तेव्हा चव्वेचाळीस! आज वाचताना अंगावर काटा येतो. पण त्या मुलीचं नशीब असं, की या नवऱ्याने तिला संस्कृत शिकवलं. लोकांनी नावं ठेवली, धर्मसभेपुढे जाब द्यावा लागला, शास्त्रीबुवा मागे हटले नाहीत. रानात आश्रम करून राहिले. तीच लक्ष्मीबाई पुढे रमाबाईंची आई आणि पहिली गुरू झाली. पहाटे, घरची कामं सुरू व्हायच्या आधी, मांडीवर घेऊन तिने लेकीला श्लोक शिकवले.

रमाबाई सहा महिन्यांच्या होत्या तेव्हा कुटुंबाने रान सोडलं. वेताच्या पेटीत घालून त्यांना डोंगरावरून खाली आणलं गेलं. त्यानंतरची सगळी वर्षं तीर्थयात्रा! एका देवळातून दुसऱ्या देवळात जायचं, ओट्यावर बसून पुराण सांगायचं, येईल त्या दक्षिणेवर राहायचं आणि त्यातूनही दानधर्म करायचा. शास्त्रीबुवांची निष्ठा अशी, की पैसा संपत आला तरी व्रतं, अनुष्ठानं, ब्राह्मणभोजनं थांबली नाहीत. शास्त्रात लिहिलंय ना, असं केल्याने देव प्रसन्न होतो, मग होणारच, ही त्यांची खात्री.

आणि मग दुष्काळ आला. भांडीकुंडी, कपडे, दागिने विकून झाले. मजुरी करायची तर सवय नाही, भीक मागायची तर लाज. तिरुपतीच्या बाजूच्या जंगलात अकरा दिवस या कुटुंबाने पाणी, झाडाचा पाला आणि थोडी रानखजुरं यांवर काढले. वडिलांची दृष्टी गेली होती. त्यांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं, तेव्हा मुलगा श्रीनिवास म्हणाला की आता मी मजुरी करतो, पण असं करू नका. शास्त्रीबुवा थांबले, मात्र दोन-तीन दिवसांतच वारले. आई पुढे दीड महिन्यात गेली. तिची तिरडी उचलायला चार माणसं मिळेनात. दोघा ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ आणि चौथी रमा. उंचीने ठेंगणी, खांदा पुरेना, म्हणून तिला आईची तिरडी डोक्यावर घ्यावी लागली. स्मशान तीन मैलांवर होतं.

मी हे एवढं लांबण लावून सांगते आहे, कारण रमाबाईंचा पुढचा सगळा जन्म या अकरा दिवसांतून निघालाय असं मला वाटतं. ज्या देवाला आईवडिलांनी सगळं दिलं, तो वेळेला कुठे होता, असा प्रश्न त्या मुलीला पडला. इथे एक सांगितलं पाहिजे. दुष्काळात प्रत्येकाचं असंच होतं असं नाही. आपले तुकोबाच बघा. दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, दुकान बुडालं, आणि त्याच राखेतून त्यांना विठ्ठल जास्तच जवळचा झाला. एकाच वणव्यातून एक माणूस पंढरीच्या वाटेला लागला, दुसरीचा हात सुटला. कोण बरोबर, कोण चूक, हा हिशेब आपण कशाला मांडायचा? तिचा सुटला, एवढं खरं.

तरी बहीणभाऊ चालत राहिले. दक्षिणेपासून काश्मीरपर्यंत आणि तिथून बंगालपर्यंत, एकंदर चार हजार मैल, तेही बहुतेक पायी. पंजाबातल्या थंडीत पांघरूण नाही म्हणून झेलमच्या काठी वाळूत खड्डे खणून, मान तेवढी बाहेर ठेवून, दोघांनी स्वतःला पुरून घेतलं आणि रात्र काढली. १८७८ साली ते कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता, सरस्वती या पदव्या दिल्या. वाटलं असेल, आता दिवस फिरले. १८८० मध्ये ढाक्याला भाऊ वारला.

त्याच वर्षी त्यांनी भावाच्या ओळखीचे वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, लग्न नोंदणी पद्धतीचं. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा झाली. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. संसार जेमतेम एकोणीस महिन्यांचा. वय चोवीसच्या आत, कडेवर दहा महिन्यांची पोर, सासर-माहेर दोन्ही नाही.

पुण्यात आल्यावर काय काय केलं ते थोडक्यात सांगते, कारण हा भाग आपल्याला पुस्तकांतून भेटतो. १८८२ मध्येच आर्य महिला समाज काढला, स्त्रीधर्मनीती हे पुस्तक लिहिलं, हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन बायकांसाठी बाई डॉक्टर आणि बाई शिक्षिका हव्यात असं ठणकावून सांगितलं. पुस्तकाच्या विक्रीच्या पैशांवर १८८३ साली डॉक्टरकी शिकायला इंग्लंडला गेल्या. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे ते शिक्षण घेता आलं नाही.

नवऱ्याच्या घरी असताना त्यांच्या हाती बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान लागलं होतं, तिथल्या एका पाद्र्याशी बोलणंही झालं होतं. पण इंग्लंडमध्ये त्यांना हलवलं ते पुस्तकाने नाही. वाँटेज गावच्या ज्या जोगिणींकडे, म्हणजे ख्रिस्ती मठातल्या बायकांकडे, त्या उतरल्या होत्या, त्यांचं लंडनजवळ एक घर होतं. आपल्याकडे ज्यांना वाया गेलेल्या म्हणून दार लावून घेतात, अशा बायकांना तिथे मायेने ठेवून घेत. या बायकांवर कुणी माया करू शकतं, हेच रमाबाईंनी पहिल्यांदा पाहिलं. हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल त्यांना येशू आणि विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई यांची गोष्ट सांगितली गेली. पाच नवरे झालेली, गावाने टाकलेली ती बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा, तिच्याशी नीट बोलणारा देव. २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात केवढा गहजब झाला असेल याची कल्पना करा. पण गंमत अशी, की ज्यांच्या धर्मात त्या गेल्या त्यांच्याशीही त्यांचं फारसं पटलं नाही. मांसाहार केला नाही. पाद्री सांगतील ते मुकाट ऐकलं नाही. मला जे पटत नाही ते मी का मानू, म्हणून वाँटेजच्या जोगिणींशी पत्रांतून लांबच लांब वाद घातले. गळ्यातला दोरा बदलून मान दुसऱ्याच्या हाती देणारी ही बाई नव्हती.

आणि बाप्तिस्म्याने सगळं मिळालं असंही झालं नाही. स्वतः रमाबाईंनीच नंतर कबूल केलंय, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. धर्मातलं पटलं होतं, पण आत शांती नव्हती. ती त्यांना आठ वर्षांनी मिळाली. एका इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मचरित्र वाचताना लक्षात आलं की हा माणूस पाद्री होऊनही बरीच वर्षं कोरडाच होता, आपलंही तेच झालंय. त्यानंतर मात्र त्यांच्या देवाशी असलेल्या नात्याला घरगुतीपणा आला. बायबलात देवाने माणसाला शब्द दिलाय की मी तुला एकटं टाकणार नाही, अशा अर्थाची वचनं जागोजागी आहेत. विधवेचा आणि पोरक्याचा तो कैवारी आहे, हेही पुन्हा पुन्हा येतं. रमाबाई स्वतः पोरक्या, स्वतः विधवा. त्यांनी ती वचनं कुणी आपल्या नावाने लिहून दिलेल्या कागदासारखी धरली. त्या देवाशी भांडत नसत, पण दिलेल्या शब्दाची आठवण मात्र करून देत. आपण घरातल्या मोठ्यांना देतो ना, अगदी तशी!

यात एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. वडिलांचा देवाशी व्यवहार होता, मी इतकं करतो म्हणून तू इतकं दे. रमाबाईंच्या मते या नव्या देवाने आधीच देऊन टाकलं होतं, आता आपण काही करायचं ते ऋण फेडायला नव्हे, तर माया आहे म्हणून.

आता शारदा सदनाकडे येते. इथे देवाच्या शब्दाचा नाही, रमाबाईंच्या शब्दाचा प्रश्न आला.

१८८६ मध्ये आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. तिथे १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दशेवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगाव व्याख्यानं दिली. बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षं मदत देण्याचं मान्य केलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. इथे धर्म शिकवला जाणार नाही, मुलींना आपापले आचार पाळता येतील, असं ठरलेलं होतं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळात होती, त्यामुळे लोकांनी आपल्या बालविधवा मुली विश्वासाने पाठवल्या.

रमाबाई रोज सकाळी आपल्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करत. दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. काहींना त्यात गोडी वाटू लागली. बातमी बाहेर गेली, केसरीने आग पाखडली, आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरही मंडळातून बाहेर पडले. वीस-पंचवीस मुलींना पालक घेऊन गेले.

रमाबाईंनी शब्द मोडला का? मला वाटतं, या भांडणात पालकांची बाजू अगदीच खोटी नव्हती. बारा-पंधरा वर्षांची पोर, जिला घरात पांढऱ्या पायाची म्हणून हिणवलं, तिला पहिल्यांदा कुणी पोटाशी धरलं, तर ती त्या माणसाच्या मागे जाणारच. दार उघडं ठेवणं हीसुद्धा एक प्रकारची हाक असते, हे एखाद्या आईला कळायला वेळ लागत नाही. पण रमाबाईंचं म्हणणं असं, की मी जबरदस्ती करणार नाही असा शब्द दिला होता, माझा देव लपवून ठेवीन असा दिला नव्हता. तुमच्या मुली तुळशीला पाणी घालतात ते मी अडवत नाही, मग माझ्या खोलीचं दार मी का लावू? सदनातली अगदी सुरुवातीची विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. तिने तिथे काही वर्षं काढली, हिंदूच राहिली, आणि १८९३ सालीच धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई, म्हणजे सगळ्यांच्या बाया कर्वे झाली. जबरदस्ती असती तर ती तशी राहिली असती का? आणि हेही खरं की पुढे केडगावचं मुक्ती उघडउघड ख्रिस्तीच होतं, तिथे हा आडपडदा उरला नाही. मला त्या काळच्या वर्तमानपत्रांचा राग येतो तो वेगळ्याच कारणासाठी. मुली काढून नेल्या याचा जयजयकार झाला, त्या परत गेल्या कुठे हे कुणी विचारलं नाही. केशवपन, एकवेळचं जेवण आणि माजघरातला तो अंधारा कोपरा, तिकडेच ना?

एवढ्या बदनामीनंतर दुसरी कुणी सदन बंद करून अमेरिकेला निघून गेली असती. रमाबाईंनी केडगावला शंभर एकर जमीन घेतली. उद्या बोस्टनचा पैसा थांबला तर फळबागेवर मुली जगतील, हा हिशेब. लातूरहून पुण्या-मुंबईला जाणारी गाडी दौंड सोडल्यावर केडगाववरूनच जाते. आपल्यापैकी कितीतरी जणी तिथून झोपेत गेल्या असतील.

बाग नीट लागायच्या आत १८९६-९७ चा दुष्काळ आला, मध्य प्रांतात सगळ्यात भयंकर. रमाबाईंच्या डोळ्यांपुढे ते अकरा दिवस उभे राहिले असणार. हातात पैसा नाही, बोस्टनवाल्यांनी कबूल केलेली मदत ठरावीक विधवांपुरती, आणि त्या निघाल्या. दुष्काळी छावण्यांतून, रस्त्यावरून, मुली विकत घेणाऱ्या दलालांच्या तोंडून काढून काढून त्यांनी सुमारे ३०० मुली-बायका आणल्या. हाडांचे सापळे, उवा, खरूज, अंगावर धड चिंधी नाही. काही जणी चावत, ओरडत, चोरून अन्न पुरून ठेवत. त्यात पुण्यात प्लेग, सरकारने नव्या मुली शहरात ठेवू दिल्या नाहीत. मग सगळ्यांना केडगावच्या मोकळ्या रानात, तंबूंत आणि झोपड्यांत. ते मुक्ती. १९०० च्या दुष्काळात गुजरात-राजपुताण्यातून आणखी मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, ३० सप्टेंबर १९९३ ला, मी शाळकरी होते. त्यानंतर भारतीय जैन संघटनेने आपल्याकडची बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली, हे मोठी झाल्यावर कळलं. तेव्हा एवढी मोठी संघटना मागे होती, सरकार होतं, दूरदर्शनवर बातम्या होत्या. रमाबाईंच्या मागे काय होतं? बँकेत खातं नाही, ठेव नाही, ठरलेलं उत्पन्न नाही. उद्याच्या धान्याची तजवीज आज नसे असे दिवस कितीतरी. त्या प्रार्थनेला बसत आणि मग कुठून तरी पैसे येत. श्रद्धाळू वाचक याला चमत्कार म्हणतील. हिशेबी वाचक म्हणतील, की मुक्तीचं वार्तापत्र परदेशात जात होतं, ते वाचून लोक देणग्या पाठवत. दोन्ही खरं आहे आणि मला त्यात भांडण दिसत नाही. देव मनिऑर्डरवर सही करून थोडाच पाठवणार? कुणाच्या तरी हातूनच पाठवणार.

आणि प्रार्थना म्हणजे हातावर हात नव्हे. मुक्तीत विहिरी खणल्या, हातमाग घातले, दूधदुभतं केलं, तेलाचा घाणा, बेकरी, छापखाना चालवला. आंधळ्या मुलींसाठी बार्तीमी सदन. मनोरमा अमेरिकेतून ब्रेल शिकून आली होती, तिने त्यांना वाचायला शिकवलं, त्या वेत विणत. बळी पडलेल्या बायकांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन. ज्या देवाने मला टाकलं नाही त्याच्या नावाने मी कुणाला टाकणार नाही, असा एकूण कारभार. जात विचारायची नाही.

मनोरमेचा आणखी एक धागा आपल्या भागाशी जुळतो. तिने १९१० नंतरच्या दशकात गुलबर्ग्याला मुलींसाठी शाळा काढली. गुलबर्गा, आताचं कलबुर्गी, तेव्हा निजामाच्या राज्यात, आपल्या नांदेड-लातूरसारखंच. त्या राज्यात मुलींच्या शाळा किती होत्या, हे आपल्या आज्या-पणज्यांना विचारायला हवं होतं. माझी आजी अंगठा उठवत असे.

मध्यंतरी नांदेडजवळच्या एका गावात एकल महिलांच्या बैठकीत मी ही सगळी हकीकत सांगितली. तिथल्या बहुतेकींच्या नवऱ्यांनी कर्जापायी जीव दिलेला. सांगून झाल्यावर एक बाई बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं की ताई, त्या देवाने शब्द दिला होता म्हणता, मग हिचा बाप गेला, आई गेली, भाऊ गेला, नवरा गेला, यात शब्द राहिला कुठे? मी म्हटलं, थांबा, अजून मुलगी जायची आहे.

कारण १९२१ च्या २४ जुलैला मनोरमाही गेली. वय चाळीस. हीच तर पुढे मुक्ती चालवणार होती. एवढ्या मोठ्या पसाऱ्याची वारस, एकुलती एक लेक, आणि जगात उरलेलं रक्ताचं एकच माणूस. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या, कान जवळजवळ गेलेले, प्रकृती खालावलेली.

त्या बैठकीतल्या बाईच्या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. रमाबाईंनी काय केलं ते सांगितलं. त्यांच्या देवाने माणसं मरणार नाहीत असा शब्द त्यांना दिला आहे, असं त्या कधी समजल्याच नाहीत. मरण येईल तेव्हा आणि आल्यानंतरही मी तुझ्यापाशी असेन, एवढंच त्यांनी त्या शब्दातून ऐकलं होतं. आईची तिरडी डोक्यावर घेतली तेव्हा वाटलेलं एकटेपण आणि लेकीला मातीत ठेवल्यावरचं एकटेपण यांत त्यांच्यापुरता फरक होता तो हा. त्या बाईने मान हलवली नाही की नाही म्हटलं नाही. खुरपायला जायची वेळ झाली म्हणून सगळ्याच उठल्या. जाताना तिने मुक्तीतल्या मुली रोज काय खात असत ते मात्र विचारलं.

मनोरमा गेल्यावर रमाबाई परत आपल्या टेबलाशी बसल्या. टेबलावर काम होतं बायबलचं. मराठीत बायबल तेव्हाही होतंच, पण त्याची भाषा संस्कृत वळणाची, मुक्तीतल्या खेड्यापाड्यातल्या बायकांच्या डोक्यावरून जाणारी. आयुष्यभर संस्कृतात रमलेल्या या पंडितेने ठरवलं, की हे पुस्तक कुणब्याच्या लेकीला वाचताना अडखळायला नको. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मूळ भाषांमधून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत स्वतः भाषांतर केलं. अनेक वर्षं हे काम चाललं होतं. १९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिलं, त्याने कामाच्या वेळात काही फरक पडला नाही.

लेक गेल्यावर आठ-साडेआठ महिने त्या जगल्या. शेवटची मुद्रितं तपासायची राहिली होती. असं सांगतात, की तेवढं पुरं होईपर्यंतचे दिवस त्यांनी देवाकडे मागून घेतले. ५ एप्रिल १९२२ ला पहाटे झोपेतच त्या गेल्या, तेव्हा मुद्रितं तपासून झाली होती. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं.

छपाई पुरी व्हायला आणखी दोन वर्षं लागली. १९२४ साली ते सोप्या मराठीतलं बायबल केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडलं. त्या छापखान्यात खिळे जुळवायला आणि यंत्र फिरवायला मुक्तीतल्याच बायका होत्या. त्यांतल्या काही जणी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी दुष्काळातून आल्या, तेव्हा त्यांना स्वतःचं नावसुद्धा धड सांगता येत नव्हतं.